यादी नको, चित्रं

३ जून

डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडला आहे की रोज काहीतरी लिहायचं. "तुमचा हात लिहिणं विसरलेला नाही," म्हणाल्या. मी विचारलं, हात विसरला नाही ते ठीक, पण डोळे वाचणं विसरलेत त्याचं काय? तर म्हणे मेंदूत लिहिण्याचा कारखाना वेगळा आणि वाचण्याचा वेगळा. माझा एकच बंद पडला. रक्ताची एवढीशी गुठळी आली आणि जाताना नेमकं तेवढंच घेऊन गेली. उजव्या बाजूचं दिसणंही बरंचसं नेलं, ते वरकड.

तर लिहितेय. गंमत अशी की हे वर लिहिलेलं मलाच वाचता येत नाही. लिहिताना शब्द मनात असतात, हात चालतो, आणि थांबून पुन्हा बघितलं की कागदावर नुसत्या मुंग्या. आकडे तेवढे ओळख देतात, अक्षरं एकजात परकी. म्हणजे मी नुसतं गिरगटतेय हे उघड आहे. डॉक्टरीणबाई पान बघून "छान" म्हणाल्या, ते पहिलीतल्या पोरीला म्हणतात तसं. लेकही म्हणाली, "आई, अक्षर अगदी पूर्वीसारखं आहे गं तुझं." मी म्हटलं, माझं मन राखू नकोस, मला लाड करून घ्यायची सवय नाही.

एका अर्थी बरंच आहे. जी वही लिहिणारीलाच वाचता येत नाही ती दुसऱ्या कुणाला काय वाचता येणार? इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवताना स्वतःचं तोंडही शिवून बसले होते. गिऱ्हाइकापुढे बोलायचं नसतं ना. आता मनात येईल ते इथे लिहीन आणि वही मशीनच्या खणात टाकीन. खणाला कुलूप लावायचीही गरज नाही.

५ जून

माझी समोरची खोली जाणार आहे.

मशीन, बेतायचं टेबल, दोरीवर टांगलेली कागदी कटिंग, कोपऱ्यातला कॉम्प्युटर, सगळं हलवून ती खोली एका दातांच्या डॉक्टरला द्यायची असं लेकीनं ठरवलंय. तो महिनाअखेरीला येणार. मला आज सांगितलं, जेवताना, पाणी वाढता वाढता. माझं आजारपण झाल्यापासून ती तिची भाड्याची जागा सोडून इथे राहायला आली आहे, विमा कंपनीतली नोकरी सांभाळून माझं सगळं करते, हे मी नाकारत नाही. पण म्हणून माझ्या खोलीत लोकांनी आ वासून बसायचं?

"आई, आता आराम कर," म्हणाली. आराम हा शब्द ती बक्षीस दिल्यासारखा उच्चारते. मी म्हटलं, आराम मला चावतो. ती म्हणाली, "तुला कापडाची उजवी कड दिसत नाही. तू कात्री चालवणार कशी?" आणि माझी मोठी कात्री उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिली. मी हात लांब केला तरी पोचत नाही. मी शिंपीण आणि माझीच कात्री माझ्यापासून लपवली, धारदार खेळणं लेकरापासून लपवतात तशी.

काजवाली हे सगळं ऐकत बटणं लावत होती. ती माझ्याकडे काजं-बटणं करायला इतकी वर्षं येते की तिला सगळे काजवालीच म्हणतात. लेक आत गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही काय करणार आता?"

मी म्हटलं, काय करणार म्हणजे? काम करणार.

८ जून

आज काय सापडलं ते लिहिते.

आधी सांगायला हवं की माझं सगळं काम त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक फोल्डर. आत तिच्या कागदी कटिंगचे फोटो, आणि प्रत्येक कटिंगवर खडूनं मोठा आकडा. फोटोतला आकडा बघायचा आणि दोरीवरून तो कागद काढायचा. लेकीनंच शिकत असताना हे बसवून दिलं होतं, आणि अगदी झकास चालायचं. आता ते उघडलं की पिवळ्या पाकिटांची बारीक यादी आणि प्रत्येक पाकिटाशेजारी मुंग्या. कोणतं पाकीट कॅशियरबाईंचं आणि कोणतं कुणाचं, काही पत्ता लागत नाही. गेला महिनाभर मी त्या यादीपुढे बसते, चिडते, उठते.

आजही चिडले. टाचण्यांची गादी हातात होती ती कीबोर्डवर आपटली आणि रागानं माऊसचं चाक गरागरा फिरवलं. आणि यादी मोडली! पाकिटं सुटी झाली. मग फुगली. आणखी फिरवलं तशी आणखी फुगली, आणि त्यांच्या तोंडातून आतले फोटो डोकावायला लागले. पहिल्याच ओळीत बँकेतल्या कॅशियरबाईंची कॉलर. टोकं गोल, डावं टोक जरा खाली, कारण त्यांची मान तशी आहे. मी ओरडलेच, "कॅशियरबाई!" काजवालीला वाटलं त्या दारात आल्या. ती पदर सावरून उभी राहिली.

नंतर कळलं की गादी कीबोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या बटणावर पडली होती. ते दाबून चाक फिरवायचं. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. यादी, चित्रं. यादी, चित्रं.

आज मला एक गोष्ट कळली. मी माणसं नावावरून कधी ओळखतच नव्हते. कॉलरीवरून, मुंढ्यावरून, पाठीच्या बाकावरून ओळखत होते. नावं वाचण्यात उगाच वेळ घालवला.

९ जून

सकाळी कॉम्प्युटर उघडला तर पुन्हा यादी.

लेकीनं काल संध्याकाळी बिलं करायला घेतला होता. "काय पसारा केला होतास स्क्रीनवर," म्हणाली. "मी नीट लावून ठेवलंय. नावानं लावलं की पटकन सापडतं."

"तुला सापडतं. मला नाही."

"पण आई, तुला आता शोधायचंच कशाला?"

 मी गादी त्या बटणावर ठेवली आणि चाक फिरवलं.

१० जून

आज परत यादी. परत गादी. ती रोज आवरणार आणि मी रोज पसरणार. बघू कोण आधी थकतं. तिला ऑफिस आहे, मला नाही.

तिचं ते वाक्य मात्र जात नाही. तुला आता शोधायचंच कशाला. इतक्या सहज म्हणाली, चेहऱ्यावर रागही नव्हता. रागानं म्हणाली असती तर परवडलं असतं. मेलेल्या माणसाच्या वस्तू आवरताना लोक असं बोलतात. मी अजून इथे बसले आहे, बाई. तुझ्यासमोर.

आणि त्या स्क्रीनवरचा बाण मेला पिसवेएवढा. उजवीकडे गेला की गडपच होतो. मग मी माऊस आडवा-तिडवा फिरवत बसते. हे तिला सांगणार नाही. सांगितलं की म्हणेल, बघ, दिसत नाही तुला.

१२ जून

दोन चांगल्या बातम्या.

एक, आज यादी नव्हती. काल संध्याकाळी तिनं बिलं केली तरीही चित्रं जशीच्या तशी. नाकावर टिच्चून उभं राहिलं की समोरचा माघार घेतोच.

दुसरी, माझी नजर सुधारतेय. तो बाण आज चांगला बोटाएवढा दिसला. काळाभोर, जाड, उजवीकडे नेला तरी सापडतो. औषधं लागू पडत आहेत.

लेकीला सर्दी झालीय वाटतं. डोळे सुजलेले होते. चहा घेताना म्हणाली, "आई, मी तुला काही लागेल असं बोलले का गं?" मी म्हटलं, तू रोजच बोलतेस, कुठलं धरून बसू?

१३ जून

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळे बघितले. म्हणाल्या, नजर आहे तिथेच आहे, उजवीकडे मान वळवून बघायची सवय करा. मी बाणाचं सांगितलं. त्या हसल्या. हसा. बाण मला दिसतो की त्यांच्या यंत्राला?

१५ जून

चित्रांची एक खोड आहे. पाकिटावर कुठला फोटो दाखवायचा हे कॉम्प्युटर आपल्या मनानं ठरवतो. गाण्याच्या बाईंच्या पाकिटावर त्यांच्या सुंदर बाह्या सोडून धुलाईच्या डागाचा फोटो. म्हणून माऊसवाल्याला फोन केला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आमच्याकडे पहिल्यांदा आला तो माऊस विकायला, ते नाव चिकटलं.

"मावशी, त्या फोल्डरवर माऊसचं उजवं बटण दाबा, आणि खाली काय काय लिहून येतंय ते वाचा."

"वाचता आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता? वरून कितवं, खालून कितवं ते सांग."

 मग तो शहाण्यासारखा सांगायला लागला. सगळ्यात खालची ओळ दाबा. एक चौकोन येईल, त्याला वर कान असतील. सगळ्यात उजवीकडचा कान दाबा. उजवीकडचा म्हटल्यावर मी मान वळवली, सापडला. त्यात मधलं बटण दाबलं की आतले फोटो येतात, हवा तो निवडायचा. मी पाच-सहा वेळा चुकले. एकदा सगळं फोल्डरच नाहीसं झालं, तर तो म्हणाला, "घाबरू नका, कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे ना, त्यात पडलं असेल, काढा बाहेर." काढलं. बिचाऱ्यानं आवाज चढवला नाही.

मग दिवसभर बसून एकेकीवर चित्र लावलं. कॅशियरबाईंवर कॉलर. गाण्याच्या बाईंवर फुग्याची बाही. जी दर वेळी खिसा मागते आणि दर वेळी त्यात इतकं कोंबते की फाडून आणते, तिच्यावर फाटका खिसा. एकीचा नवरा मी तिची मापं घेताना बाहेर खोकत उभा राहायचा, तिच्यावर आमच्या दाराचा फोटो लावला. काजवाली बघून हसता हसता खाली बसली. म्हणाली, "ताई, ह्या बायकांनी बघितलं तर?" मी म्हटलं, बघू देत. मी खोटं काही लावलेलं नाही.

आता त्या खोलीत मला सगळ्या ओळखतात आणि मी सगळ्यांना.

१७ जून

लांब हातवाली आली होती. तिचे हात इतके लांब की विकतचा कोट मनगटाच्या वर चार बोटं थांबतो. तिला मोठ्या हुद्द्याची नोकरी लागलीय, कोट हवा. अस्तर लावलेला, महिनाअखेरीच्या आत. म्हणाली, "तुम्ही बरं नव्हता असं ऐकलं. पण तुमच्याशिवाय मी कुणाकडे जाऊ?"

मी म्हटलं, कापड ठेवून जा.

संध्याकाळी लेकीला कापड दिसलं आणि घरात रणकंदन. मी म्हटलं, खोली माझी, हात माझे, गिऱ्हाईक माझं. ती म्हणाली, "आणि तू पडलीस तर? त्या टेबलावर कात्री घेऊन पडलीस तर? ऑफिसात फोन वाजला की माझे हात गार पडतात आई. तुला जमिनीवर पडलेलं मी बघितलंय. तू नाही बघितलंस."

 खरंच, मी नाही बघितलं.

मग तीच म्हणाली, "ठीक आहे. हा एक कोट. यात काही चुकलं तर खोली द्यायची, आणि तू मला अडवायचं नाहीस."

"आणि नाही चुकलं तर?"

"तर दातवाल्याला मी नाही म्हणून सांगेन."

मी हात पुढे केला. तिनं टाळी दिली, पण तिचा हात गार होता.

१८ जून

कात्री मागायला गेले नाही. स्वतःच्या कात्रीसाठी हात पसरायचा? मरेन पण मागणार नाही. छोट्या कात्रीनं कोट बेतायचा म्हणजे चमच्यानं विहीर उपसायची, तरी छोट्यानंच बेतेन.

दुपारी समोरच्या खोलीच्या दाराला उजवा खांदा जोरात आपटला. ती चौकट मला दिसतच नाही, रोज आपटते. खांदा काळानिळा झालाय. लांब बाह्या घालते म्हणून कुणाला कळत नाही, आणि कळायलाही नको.

१९ जून

काजवाली गुणाची आहे. सकाळी बघते तर दाराच्या उजव्या चौकटीला वरपासून खालपर्यंत लालभडक रिबीन ठोकलेली. आंधळ्यालाही दिसेल अशी. आणि खणात माझी मोठी कात्री, धार लावून. मी तिला म्हटलं, तू न सांगता सगळं ओळखतेस हं. ती म्हणाली, "मी काय केलं ताई?" ही तिची जुनी खोड. चांगलं केलं की कबूल करत नाही.

लेकीच्या अंगठ्याला पट्टी आहे. म्हणाली, ऑफिसात स्टेपलर लागला.

२१ जून

चुकलं.

आज अस्तर बेतलं. नेहमी अस्तर आधी बेतते, मग कापड, हात बसतो. लांब हातवालीचं फोल्डर उघडलं, तिच्यावर मी बाहीचा फोटो लावलाय. आत कटिंगचे फोटो. पाठ, पुढा, बाही. आकडे बघून कागद काढले, खडू मारला, बेतलं. सरसर चालली कात्री, काय सांगू, इतक्या दिवसांनी. मी गुणगुणत होते.

काजवालीनं तुकडे टाचून बघितले. मग म्हणाली, "ताई, ही पाठ अरुंद नाही का?"

अरुंद होती. बोटभर नाही, चांगली चार बोटं. मागे आजारात लांब हातवाली वाळून काडी झाली होती, तेव्हाचं हे कटिंग. नंतर ती भरली तेव्हा मी नवं केलं होतं, ते मला पक्कं आठवतंय. पण ते स्क्रीनवर नव्हतंच. मी शोध शोध शोधलं. शेवटी काजवाली म्हणाली, "हे काय, इथे आहे," आणि स्क्रीनच्या उजव्या कडेला बोट लावलं. शेवटच्या रांगेत. जिथे माझे डोळे जातच नाहीत, आणि चित्रं सापडल्याच्या आनंदात मान वळवायचं मीही विसरले.

अस्तर वाया गेलं. तसलं अस्तर घरात नाही. दुकान मोठ्या रस्त्यापलीकडे, मला एकटीला जाऊ देत नाहीत, आणि काजवाली उद्यापासून बहिणीकडे चाललीय. लेकीला आणायला सांगणं म्हणजे खोली आपल्या हातानं दातवाल्याला देणं. तुकडे गुंडाळून मशीनखालच्या पेटीत खुपसले आहेत.

लेक बरोबर आहे की काय, असं आज पहिल्यांदा वाटलं. ज्या बाईला स्क्रीनची उजवी कड दिसत नाही तिनं लोकांच्या कपड्यांना हात लावावा का? हे मी कुणापुढे बोलणार नाही. इथेच लिहिते आणि इथेच गाडते.

२२ जून

काम बंद. लेक ऑफिसातून उशिरा आली, जास्तीचं काम होतं म्हणे. मी जेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

२३ जून

आहे! अस्तर आहे!

कपाटात मधल्या कप्प्यात, घडी करून ठेवलेलं. तोच रंग, तीच चमक. म्हणजे मागे मी जास्तीचं आणून ठेवलं होतं आणि विसरले. कपाट धड बघितलंसुद्धा नाही, आणि काय ते रडगाणं. माझाच शहाणपणा माझ्या कामी आला. मी पहिल्यापासून अशीच, चार बोटं जास्त घेणारी.

मग डोकं चालायला लागलं. उजवीकडचं मला दिसत नाही ना? मग उजवीकडे काही ठेवायचंच नाही. स्क्रीनवरच्या त्या चित्रांच्या चौकटीची उजवी कड माऊसनं धरली आणि ओढत ओढत डावीकडे आणली, अर्ध्या स्क्रीनवर. सगळी चित्रं मुकाट डावीकडे सरकली आणि खाली रांगा वाढल्या. उजवीकडे नुसती मोकळी भिंत. बंद करून पुन्हा उघडलं, तर तशीच अर्धी. आता एकही गिऱ्हाईक माझ्या नजरेआड बसू शकत नाही.

अस्तर नव्यानं बेतलं. या वेळी गुणगुणले नाही. प्रत्येक खडूच्या रेघेला मान वळवून उजव्या कडेपर्यंत गेले आणि हातानं चाचपून परत आले. हळू होतं. होऊ दे हळू.

२५ जून

कोटाचे मोठे तुकडे जोडले. बाह्या उद्या.

लेक सकाळी निघताना दारात उभी होती, मोठी पिशवी डाव्या खांद्याला. तिचा तो खांदा उतरलाय, कधीपासून. जे घालते ते तिथे सुरकुततं. विकतचे कपडे सरळ खांद्यांच्या बाहुलीवर बेततात, तिच्यावर नाही. दोन टाक्यांचं काम आहे. मला रोज दिसतं आणि मी रोज गिळते.

कॉलेजात गेली तेव्हा म्हणाली होती, आई, मी आता विकतचे घालीन, सगळ्या घालतात. मी म्हटलं, घाल. तेव्हापासून तिच्या अंगावर माझा एक टाका नाही. गावभर बायका माझे कपडे घालून फिरतात आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या लेकीचं फोल्डर नाही. कुणाकुणाचे खांदे, कुणाकुणाच्या पाठी मला पाठ आहेत, आणि तिचं माप विचारलं तर मला सांगता येणार नाही. एकदा, फक्त एकदा माझ्यासमोर टेपपुढे उभी राहिली असती. पण मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला मी कधी बोलावलं नाही, आपण होऊन आली पाहिजे.

२८ जून

कोट झाला. लांब हातवालीनं घातला, आरशापुढे हात लांब केले, दुमडले, पुन्हा लांब केले. बाही मनगटावर जिथे थांबायला हवी तिथे थांबली. पाठीला एक सुरकुती नाही.  मग तिनं एकदम मला मिठी मारली, टाचण्यांसकट.

लेक दारात उभी राहून बघत होती. तिनं जवळ येऊन कोटाचं अस्तर उलटून बघितलं, शिवण बोटानं चाचपली.  पेटीतले तुकडे हिला सापडले असले तर?

"काही चुकलं नाही ना, आई?" तिनं विचारलं, माझ्या डोळ्यांत बघून.

"काही नाही," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि हसली. का कोण जाणे.

३० जून

दातवाला आला होता. दारातली लाल रिबीन बघून म्हणाला, "ही कशाला?" लेक म्हणाली, "आईसाठी. आणि ही खोली आम्ही देत नाही आहोत. तिचं काम चालू आहे." असं म्हणाली! चालू आहे. मी आतून ऐकलं.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, बघितलंस? मी एकटीनं केलं सगळं. ती म्हणाली, "हो आई, बघितलं."

दुपारी कॉम्प्युटर उघडला. पहिल्या ओळीत अगदी डावीकडे, जिथे माझी नजर सगळ्यात आधी पडते, तिथे एक नवं फोल्डर. मी केलेलं नाही. त्यावर फोटो होता, आरशात काढलेला. एक खांदा. डावा, उतरलेला, आणि त्यावर माझी पिवळी टेप. तो खांदा मी कुठेही ओळखला असता.

उघडलं. आत पाठ, मान, हात, सगळे फोटो, आणि प्रत्येकावर टेप. सगळ्या ठिकाणी टेप उलटी धरलीय, आकडे डोक्यावर उभे. एकही माप उपयोगाचं नाही. विम्याचे कागद करणाऱ्या बाईला एवढंही येऊ नये! पण आली. आपण होऊन आली. मला वाचता येत नाही म्हणून चित्रांत आली.

आता तिला हे कसं सुचलं, विशेषतः तो खांदा, हे काही मला कळेना. मी तर कधी चकार शब्द काढला नव्हता. काजवालीलाही नाही. शेवटी माझीच लेक आहे, नजर माझी घेतली असणार.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, "फोटोतली मापं चालत नाहीत. उद्या सकाळी समोर उभी राहा, ताठ, नाटकं नकोत. आणि घाई करायची नाही. कॅशियरबाई आधी आहेत, मग गाण्याच्या बाई, मग तुझा नंबर."

"रांगेत थांबेन," ती म्हणाली.

ती आत गेल्यावर मी शिवणावर डोकं टेकून खूप रडले. हे फक्त इथे लिहून ठेवते. तिला कळता कामा नये.